पुढच्या रांगेतली पोती

बाजारात त्याला सगळे ‘जराथांब’ म्हणत. तोंडावर नव्हे, पण त्याला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. कुणी कितीही भाव बोललं तरी त्याचं उत्तर ठरलेलं, जरा थांब. शेजारचे व्यापारी सोयाबीन विकून मोकळे झालेले असत आणि हा भरल्या गोदामाच्या तोंडाशी खुर्ची टाकून फोनवर समुद्रापलीकडच्या एका देशाचं आभाळ न्याहाळत बसलेला असे. त्या देशात सोयाबीनची शेतं नजर पोचेल तिथवर पसरलेली. तिथे पाऊस झाला की इथला भाव पडे. तिथे ऊन तापलं की जहाजं भरून माल नेणारे इकडे वळत आणि इथल्या पोत्यांना मान येई. तो देश त्याने कधी पाहिला नव्हता, पण तिथे कुठे ढग आलेत हे त्याला बायकोच्या दुखऱ्या गुडघ्यापेक्षा जास्त माहीत असे. बायको म्हणायची, परक्यांच्या शेतातला पाऊस बरा दिसतो, आपल्या गोदामाची पन्हळ गळते ती मात्र दिसत नाही.

त्याचा धाकटा साडू दलाल होता. विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची गाठ घालून द्यायची, हा धंदा. गोदाम नाही, तराजू नाही. एक फोन आणि एक जीभ एवढंच भांडवल. पण त्या जिभेला वजन होतं. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून, दाणे मुठीत चुरून बघितल्याशिवाय तो ‘माल कोरडा आहे’ असं म्हणत नसे, आणि त्याने एकदा म्हटलं की घेणारा डोळे मिटून जहाज ठरवी. दोघा साडूंची चेष्टा अखंड चाले. साडूभाऊ, तुमचं बरं आहे, जराथांब म्हणायचा, पाऊस पडो न पडो, जिभेला काही बुरशी येत नाही. साडू म्हणायचा, तुमचा माल विकला जाईपर्यंत आमचे केस पिकतात, त्याची दलाली वेगळी लावली पाहिजे.

त्या हंगामात पलीकडे पाऊस रुसला. इथे भाव चढत गेला, बाकीच्यांनी हात धुऊन घेतले, जराथांब थांबला. मग तिकडे पावसाचा अंदाज आला आणि भाव रोज थोडा थोडा खचू लागला. कुठे तरी घोडं पेंड खातंय, असं त्याला वाटायला लागलं. बायकोने नुसतं त्याच्याकडे बघायला सुरुवात केली, ते जास्त लागलं. अशात एका सकाळी साडूने निर्यातदाराचा भाव आणला. जहाज बंदरात उभं होतं, माल तातडीने हवा होता. जराथांब म्हणाला, दिला.

या धंद्यात तेवढं पुरतं. कागद मागून होतात. एक अट तेवढी असते, की नमुन्यात ओलावा ठरल्यापेक्षा जास्त निघाला तर सौदा मोडला. साडूने तिथेच उभ्या उभ्या पोत्यांत हात घालून बघितलं आणि निर्यातदाराला फोन लावला. "माल माझ्या हाताखालून गेलाय," तो म्हणाला. "कोरडा आहे. माझा शब्द समजा."

दुपारी बातमी आली. पलीकडचे ढग न पडताच निघून गेले होते. वर कुठल्याशा मोठ्या देशाने एका दमात जहाजांमागून जहाजं भरून घ्यायचं ठरवलं होतं. भाव असा उसळला, की बाजारात लोक एकमेकांना पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेत होते. जराथांबने पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. नुकसान सोसवलं असतं त्याला. पण अख्खा हंगाम थांबलेला माणूस एक दुपार थांबू शकला नाही, हे त्याला सोसवेना.

गोदामाच्या मागच्या भिंतीशी काही पोती पन्हळीच्या गळतीने दमट झाली होती. ती वेगळी काढून कोंबड्यांच्या खाद्यासाठी स्वस्तात विकायची, असं ठरलेलं. नमुना घ्यायला माणूस यायच्या आधी जराथांबने हमालांना ती पुढच्या रांगेत आणायला सांगितली. मागे जागा करायचीय, म्हणाला. आपण फक्त पोती हलवतो आहोत, असं त्याने स्वतःलाही सांगितलं. खोटं म्हणावं असा एकही शब्द त्याच्या तोंडून निघाला नव्हता.

नमुनेवाल्याने पुढच्या रांगेत पोकळ सळई खुपसली, दाणे यंत्रात ओतले आणि नाही म्हणून मान हलवली. दुसरं पोतं, तिसरं पोतं, तेच. साडू शेजारी उभा होता. त्याने पुढे होऊन एका पोत्यात हात घातला, बाहेर काढला, तळवा उघडून बघितला. मग जराथांबकडे बघितलं. मागच्या पोत्यांतला नमुना घ्या, एवढं तो म्हणू शकला असता. पण हे बायकोच्या थोरल्या बहिणीचं घर होतं. तो बाहेर जाऊन निर्यातदाराशी फोनवर बोलला. दारातून जराथांबला ते स्पष्ट ऐकू आलं.

"चूक माझी," साडू म्हणत होता. "बघण्यात कसूर झाली."

दमट पोती कोंबड्यांच्या खाद्याला गेली. बाकीचा माल चढ्या भावाने दुसऱ्याला गेला, आणि एकूण एक दाणा कोरडा निघाला. पन्हळ नवी बसली. बायको खूश झाली, जराथांब बाजारात ताठ मानेने फिरला. निर्यातदाराला एकदा गाठून खरं काय ते सांगायचं, हे त्याने पहिल्याच आठवड्यात ठरवलं होतं. पण जहाज अर्धं रिकामं गेल्याने तो तापलेला होता; म्हटलं, जरा निवू दे. मग हंगाम संपत आला होता. म्हटलं, हिशेब होऊन जाऊ देत. खरं बोलायलाही तो चांगला भाव यायची वाट बघत बसला.

तेवढ्यात तिकडे साडूचा धंदा बसला. निर्यातदाराने त्याचे फोन उचलणं बंद केलं, त्याचं बघून दुसऱ्यांनीही केलं. भाव असे वरखाली होत असताना, ज्याचा कोरडा माल ओला निघतो असा दलाल कोण ठेवील? शेवटी तो रस्त्याच्या कडेच्या वजनकाट्यावर कारकून म्हणून लागला. साडूची बायको, धाकटी, थोरल्या बहिणीला सांगत होती, "ताई, यांचा हात आता पहिल्यासारखा राहिला नाही गं. वय झालं." जराथांब शेजारच्या खोलीत होता. त्याने फोन काढून पलीकडचं आभाळ उघडलं, पण काय दिसतंय ते त्याच्या डोक्यात शिरलं नाही.

पुढच्या हंगामात निर्यातदार स्वतः गोदामात आला. पलीकडे पुन्हा पाऊस रुसला होता, त्याला माल हवा होता. आपण थेटच बोलू, म्हणाला. तुमचा साडू भला माणूस, पण त्याला ओलं-कोरडं कळेनासं झालंय.

"माल कोरडा होता," जराथांब म्हणाला. मग सगळं सांगितलं, पन्हळीपासून पुढच्या रांगेपर्यंत.

निर्यातदार रागावला नाही. त्याने चहा संपवला. बाकीच्या बाजारासाठी आता माझ्याकडे दुसरा दलाल आहे, म्हणाला, चांगला आहे, त्याला काय म्हणून काढू? भावाचा विषय त्याने परत काढला नाही. निरोप घेऊन गेला.

जराथांब तडक वजनकाट्यावर गेला. काट्यावर ट्रक उभा होता, साडू खिडकीमागे. आकडा स्थिर झाला, साडूने ड्रायव्हरला पावती दिली आणि मग याच्याकडे वळला.

"मी निर्यातदाराला सांगितलं," जराथांब म्हणाला. "पोत्यांचं."

"मला त्याच दिवशी कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"वाटलं, तुम्ही बोलाल. त्या दिवशी नाही तर त्या आठवड्यात. मग वाट बघायचं सोडलं." साडूने पुढच्या गाडीला हात केला. "घरी मात्र सांगू नका, साडूबुवा. नवरा चुकला, हे तिने कसंबसं पचवलंय. बहिणीच्या घराने असं केलं, हे पचायचं नाही. दोघी बोलायच्या बंद होतील."

"अहो, पण मग मी..."

"बाजूला व्हा जरा. गाडी येतेय."

त्यानंतर दोन्ही घरं पहिल्यांदा एकत्र जेवायला बसली, तेव्हा धाकटीने पाण्याचा तांब्या नवऱ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, हात घालून बघा हो, ओलं आहे की कोरडं. पोरं हसली, थोरली हसली. साडूही हसला, आणि हसता हसता त्याने जराथांबकडे बघितलं. मग जराथांबही हसला. त्याला तेवढंच करता येण्यासारखं होतं.