नदीचा आकडा सांगणारा मोडेम

मित्रांनो, एका सरकारी गोदामात मोडक्या पंख्याशेजारी पडलेला मी एक जुना बोलका मोडेम. मला पाहिलेली माणसं थोडी आहेत. ऐकलेली मात्र पुष्कळ.

शिरूरजवळ घोड नदीच्या काठावर एका छोट्या खोलीत मला बसवलं होतं. पाण्यातलं उपकरण नदीची पातळी मोजायचं, शेजारचं यंत्र ती नोंदवून ठेवायचं. कुणाचा फोन आला की मी तो उचलून ताजा आकडा बोलून दाखवायचो. कृपा नावाच्या इंजिनीयर बाईंनी सगळे आकडे स्वतःच्या आवाजात माझ्यात भरले होते. त्यामुळे लोकांनी माझं नाव ठेवलं ‘पाण्याची बाई’. छपरावरची काळी काच उन्हाची वीज करी, ती बॅटरीत साठे आणि त्यावर मी बोले.

खाली दौंडच्या बाजूला भीमेवर हौसराव होडी चालवत. घोड नदीचं पाणी पुढे भीमेलाच मिळतं. म्हणून पावसाळ्यात मला विचारल्याशिवाय ते होडी सोडत नसत. आकडा ऐकला की ‘बरं हाय बाई, येतो’ असं म्हणून फोन ठेवत. मला फार बरं वाटे.

खोलीची राखण चांगदेवआप्पा करत. एका ऑक्टोबरात परतीचा पाऊस लागला. आप्पांनी आपला कांद्याचा ढीग ताडपत्रीने झाकला आणि उरलेल्या तुकड्याने माझी काचही झाकली. वर विटा ठेवल्या. काही दिवसांत बॅटरी उतरली आणि माझा आवाज गेला.

नेमक्या त्याच सकाळी अंजनाताई आपल्या दीक्षाला घेऊन होडीपाशी आल्या. दहावीला इंग्रजीत नापास झालेल्या दीक्षाचा पुन्हा पेपर होता, पलीकडे दौंडला. हौसरावांनी टपरीवरून फोन लावला. मी उचलेना. नदी तर समोर दिसतीया, मग बाईला कशाला विचारायचं, असं अंजनाताई काकुळतीने म्हणाल्या.

"ही दिसती. वरची कुठं दिसती?" हौसराव म्हणाले. "बाई बोलल्याबिगर होडी सुटायची न्हाई."

दीक्षा रडायलाच लागली. हौसराव फोन लावतच राहिले.

इकडे खोलीत फोनची घंटा थांबेना; ती टेलिफोनच्या तारेतल्या विजेवर वाजायची. एरवी ती एकदा वाजली की मी उचलायचो. चांगदेवआप्पा धावत आले आणि तपासणीसाठी ठेवलेला फोन त्यांनी कानाला लावला.

"बाई कुठं गेली?"

"हितं कोन बाई न्हाई. मी राखणदार, चांगदेवआप्पा."

"मग आप्पा, नदी डोळ्यानं बघून सांगा. होडीत लेकरू बसायचंय."

आप्पा भर पावसात काठाशी उतरले. पाण्यातल्या खांबावर रंगवलेले आकडे वाचून परत आले. म्हणाले, "पानी कालच्याएवढंच हाय. पर आभाळ लई भरलंय. जायचं तर आत्ता निघा."

होडी सुटली. दुपारी दोन्ही नद्या चढल्या, तेव्हा दीक्षा वर्गात बसून पेपर लिहीत होती.

आप्पांनी मग कृपाबाईंना फोन करून माझं दुखणं कळवलं. काचेवर काही झाकलंय का, असं त्यांनी विचारलं.

"झाकलंय की. भिजंल म्हणून."

"अहो आप्पा, ती ऊन खाते. तिला खुशाल भिजू द्या."

आप्पांनी ताडपत्री काढली, फडक्याने काच पुसली. पुढे ऊन पडलं आणि माझा आवाज परत आला. मग एक फोन आला. "बाई, पेपर बरा गेला," दीक्षा म्हणाली. मी तिला पाण्याची पातळी सांगितली. मला तेवढंच येत होतं.

नंतर नवी यंत्रं आली आणि मी इथे आलो. त्याची तक्रार नाही. पण मित्रांनो, चांगदेवआप्पांनी मला मायेनेच झाकलं होतं. तुमच्या घरी कुत्र्याचं पिल्लू असेल, कुंडीतलं रोप असेल, थकलेले आजोबा असतील. त्यांना जपा, पण त्याआधी त्यांना काय हवं आहे ते समजून घ्या. नुसत्या मायेने पोट भरत नाही.