आत्याचा मासा तपासणीला

कापड रंगवायच्या त्या कारखान्याला पर्यावरण व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र होतं, धोरण होतं आणि धोरणाला काचेची चौकटही होती. मागचा ओढा मात्र आत जो रंग चालू असेल तो रंग घेऊन वाहायचा. टाळ दणक्यात, नाम विसरलेलं, अशातली गत.

हा डोलारा सांभाळायला आत्याचा भाचा नोकरीला होता. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या टाक्यांपाशी त्याने काचेची पेटी ठेवली होती. 'आमच्या शुद्ध पाण्यात जिवंत मासा' अशी वर पाटी. पेटीत पाणी पिण्याचं, आणि मासा आत्याचा. फुकट खातो आणि तोंड फिरवून बसतो म्हणून आत्याने त्याचं नाव जावई ठेवलेलं. दर तपासणीला जावई डब्यात बसून यायचा. आत्याला सांगितलं होतं, हवापालटाला नेतो.

यंदा भाचा जावयाचं खाणं घरीच विसरला. ते घेऊन आत्या मागोमाग आली, तेव्हा नवा तपासनीस पेटीसमोर उभा होता.

"पेटी रिकामी करा. टाकीच्या नळाचं पाणी भरा, माझ्यासमोर."

भाचा नळापाशी घुटमळला. टाकीतल्या जंतूंना हवा देणारा पंप मालक वीजबिलापायी बंद ठेवायचे, फक्त आज सकाळी लावलेला. घाण खाणारे जंतू काय पाहुणे आले म्हणून लगेच उठून कामाला लागतात?

"भर की," शेजारी उभे असलेले मालक म्हणाले. "नोकरी करायचीय ना?"

जावयाला परत डब्यात घेतलं, नळाखाली बादली भरली. पाणी जांभळट. आत्याने डबा पुढे केला. "चांगलंय ना रे? तू म्हणत असशील तर सोडते."

भाच्याने मालकांकडे पाहिलं, मग आत्याकडे.

"नको आत्या. मरेल तो."

मालकांना खोकला आला. तपासनिसाने पेनाला टोपण लावलं. "या कारखान्यातलं पहिलं खरं मोजमाप मिळालं."

प्रमाणपत्र गेलं. ते नाही तर माल घेणार नाही, असं मोठ्या गिऱ्हाइकाने कळवलं, तेव्हा पंप रात्रंदिवस चालू झाला. भाच्याला काढणार कोण? टाक्यांची विद्या दुसऱ्या कुणाला नव्हती.

पुढच्या तपासणीआधी भाच्याने स्वतःच्या पैशाने मासा आणला आणि पेटीत टाकीचंच पाणी भरलं. आत्याने वाकून वास घेतला.

"बरंय. तरी आमचा जावई घरीच राहील. याचं नाव काय?"

"मालक."

तेव्हापासून खरे मालक रोज सकाळी आधी पेटीपाशी जातात. मालक जिवंत दिसले की मगच चहा घेतात.