नयनचं वजन

नयनचं वजन आठ किलो दोनशे भरलं, तर दोन बायांचा फायदा होता. तिची आई बबिता कापूस वेचायला मोकळी राहिली असती, आणि तांड्यावरच्या अंगणवाडीत वैष्णवीताईच्या यादीत सलग सहाव्या महिन्यात एकही लाल, म्हणजे अतिकुपोषित, नाव आलं नसतं. काट्याला टांगलेल्या झोळीत दीड वर्षाची नयन मात्र सहा किलो नऊशेवर थांबली होती.

वैष्णवीने झोळी बोटाने दाबून पाहिली. काटा खाली गेला, परत जागेवर आला.

"लाल येते बबिता. चौदा दिवस यवतमाळच्या दवाखान्यात ठेवा लागते इले. तुले संग राहा लागते."

"वेचणीच्या दिवसात? अन् घरी आंधळ्या सासूले कोण पाह्यते?" बबिता हसली. "तुमच्या मोबाइलले काय भूक लागते, ताई? टाका ना काहीतरी."

वैष्णवीने चष्मा पुसला. मग मोबाइलवर वजनाच्या रकान्यात आठ, टिंब, दोन दाबलं. नाव हिरवं झालं.

"याच महिन्यापुरतं हं."

पुढच्या महिन्यात काटा सहा किलो सातशेवर आला. पण मोबाइलातल्या पोरीने घटून कसं चालेल? तिला आठ किलो चारशे करावं लागलं. तिने चांगलं बाळसं धरलं होतं.

तिसऱ्या महिन्यात कापसाची उलंगवाडी झाली, शेवटची वेचणी संपली आणि बबिता आपणच आली. नयन रडतही नव्हती.

"आता न्या इले यवतमाळले. मी राहीन महिनाभर."

सहा किलो चारशे. नाव लाल झाल्याशिवाय दवाखान्याची चिठ्ठी निघत नाही, म्हणून वैष्णवीने खरा आकडा टाकला. पाचच मिनिटांत सुपरवायझर विमलताईंचा फोन आला.

"एका महिन्यात दोन किलो कमी? काहून वं, आधीची वजनं कोणी टाकली? हे राहू द्यायचं असंल तर लेखी दे. चौकशी लागन."

वैष्णवीने बबिताकडे पाठ केली.

"नाही ताई. आताच चुकून पडलं."

तिने आकडा पुसला. आठ, टिंब, सहा.

"काय झालं?" बबिताने विचारलं.

"मशीन घेऊन नाही राह्यली. तू अंडं देत जाय इले रोज."

बबिताची वेचणी बुडाली नाही. विमलताईंना वर उत्तर द्यावं लागलं नाही, वैष्णवीला लेखी काही द्यावं लागलं नाही. जे जायचं होतं, ते सगळं नयनच्या सहा किलो चारशेतूनच गेलं.