नंदुरबारचे एक गृहस्थ

माघातल्या उन्हात गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर मिरच्या वाळत पडल्या, की त्यांचा तांबूस उजेड आमच्या ओसरीच्या भिंतीवर चढून येई. त्या उजेडात आबा तीन वेळा शिंकत, उपरण्याने चष्मा पुसत आणि टाक शाईत बुडवत. त्या शिंका म्हणजे आमच्या घरची दवंडीच: नंदुरबारची बातमी निघाली.

आबा म्हणजे माझे थोरले काका, निवृत्त मास्तर, आणि खानदेशातल्या एका साप्ताहिकाचे बारा वर्षांचे बिनपगारी बातमीदार. मिरचीचा भाव, यात्रा, पटकी, पाऊस यांचे पत्र दर मंगळवारी गाडीच्या टपालडब्यात पडे. त्यांचे अक्षर बिथरलेल्या मुंग्यांसारखे, म्हणून स्वच्छ नक्कल मी करी. दोनदा मॅट्रिकला बसून दोन्हीदा परतलेल्या माझ्यापाशी एक वळणदार अक्षर तेवढे शिल्लक होते. तोरा मात्र संपादकाचा.

त्या काळच्या छापील जगात ‘गृहस्थ’ या शब्दाचे औदार्य अपार होते. आगगाडीत छत्री विसरणारा तो गृहस्थ. संसाराच्या वाऱ्यालाही उभा न राहिलेला ब्रह्मचारी गृहस्थच. बोटीतून उतरलेला साहेब ‘एक युरोपियन गृहस्थ’, आणि अफरातफर करून परागंदा झालेलाही ‘एक प्रतिष्ठित गृहस्थ’. अनवाणी पायांना तेवढी हा शब्द ओळख देत नसे. त्यांच्यासाठी ‘एक इसम’ होता.

त्या वर्षी भरदुपारी मिरचीच्या एका वखारीला आग लागली. जळत्या मिरचीचा धूर डोळ्यांत शिरतो तो सूड घेतल्यासारखा. आम्ही सारे जोडेवाले खोकत, रडत वेशीपर्यंत मागे सरलो. या माघारीचे पुढारपण माझ्याकडे होते. तेव्हा घरोघर पाणी घालणारे कासमभाई पखालवाले यांनी पाण्याने भरलेली कातड्याची पखाल स्वतःच्याच अंगावर रिती केली, ओला पटका तोंडाला गुंडाळला आणि आत जाऊन, तिथे अडकलेल्या, मिरचीचे देठ खुडणाऱ्या दोघी बायांना एकेक करून बाहेर आणले.

आबांनी लिहिले, ‘कासमभाई नावाचे गृहस्थ’. नक्कल करताना मी, रीत म्हणून, ‘एक इसम’ केले आणि नावही गाळले. तसेच छापून आले. आबांनी अंक दोनदा वाचला. मला वाटले, आता आभाळ कोसळणार. पण वेशीपर्यंत पळालेल्यांत आपणही होतो हे न विसरता ते नुसते म्हणाले,

“आपन वेशीलोंग पयनूत. मंग आपन कोन?”

दुरुस्तीच्या पत्राला संपादकांचे उत्तर आले, की असा प्रघात नाही. पुढच्या मंगळवारी आबांनी भाव कळवला नाही, यात्रा कळवली नाही. एकच वाक्य पाठवले: ‘आगीत शिरून दोन जीव वाचविणारे कासमभाई पखालवाले हे येथील गृहस्थ होत.’ छापले गेले नाही. त्यापुढच्या मंगळवारी तेच वाक्य. मग तेच. दुसरा बातमीदार नेमू, अशी तंबी आली, तरी तेच. बारा वर्षे आपले पत्र छापून आलेले पाहण्यात ज्यांचा आठवडा उजळे, ते आबा अंक उघडत, नंदुरबारचे नाव नसलेल्या पानावरून हात फिरवत आणि घडी घालून ठेवत. मी विनवले, एका शब्दासाठी सगळे घालवू नका. त्यांनी माझ्यापुढे कोरा कागद सरकवला. त्या दिवसांत माझ्या अक्षराचे वळण सुधारले की नाही, सांगता येत नाही. माझे थोडेसे सुधारले असावे.

इकडे मिरचीचा भाव वाचायला मिळेना, म्हणून व्यापारीच संपादकांवर उखडले. सातव्या आठवड्यात नंदुरबार पुन्हा छापून आले: तेच वाक्य, एका मात्रेचाही फरक नाही.

आबांनी ते विहिरीपाशी, लिंबाखाली, जमलेल्या मंडळींना खड्या आवाजात वाचून दाखवले. कासमभाईंनी पखाल खाली ठेवली, ‘गृहस्थ’ हा शब्द कुठे आहे ते विचारले आणि त्यावर ओला अंगठा टेकवला.

“माले माहीत व्हतं, मास्तर,” ते म्हणाले, “आते छापखानाले बी समजनं.”

विहिरीवर हशा उसळला. चैत्र लागला होता, पथाऱ्या रिकाम्या होत्या, हवेत तिखटाचा कणही नव्हता. तरी आबा तीन वेळा शिंकले आणि उपरण्याने पुष्कळ वेळ चष्मा पुसत राहिले.

आता पखाल गेली, आबा गेले, कासमभाईही गेले. तो अंक माझ्यापाशी आहे. शाई विटली, कागद पिवळा पडला, पण त्या शब्दाभोवती पाण्याची एक फिकट कड अजून दिसते, आणि वाटते, काळ माणसांना नेतो खरा, पण कुणी एकदा ठामपणे टेकवलेला अंगठा मात्र त्याला उचलता येत नाही.