मुठेचे पाणी मोजणारा जुना प्रोग्राम

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. खास आकडेमोडीसाठी जन्मलेल्या फोरट्रान या भाषेत मी लिहिला गेलो. धरणातून पाणी सोडले की मुठा नदी कुठवर चढेल, हे मी सांगतो.

वारज्याच्या एका कार्यालयात हिराताईंनी मला लिहिले. बाई मोठ्या संशयी. वरून आलेल्या पाण्याचा हिशेब पुढे जुळतो का, हे पायरीपायरीला तपासणाऱ्या ओळी त्यांनी माझ्यात घातल्या. जुळला नाही, तर मी मागे येऊन ती पायरी पुन्हा सोडवतो. पूर आला की सगळे माझी वाट बघत. हिराताई निवृत्त झाल्या आणि माझ्याकडे कोणी फिरकेना. फार वाईट वाटायचे.

यंदा कार्यालयात नव्याने आलेल्या पूर्वाने तेच काम, हिराताईंच्या ओळींसकट, पायथॉन भाषेत लिहिले. दोघांत वेगवान कोण, याची शर्यत ठरली. हरणाऱ्याला कायमची सुट्टी. कार्यालयाचे प्रमुख विक्रम सर, त्यांचा माझ्यावर जीव. मी जिंकावा म्हणून त्यांनी माझ्यातल्या तपासणीच्या ओळी गुपचूप बंद केल्या. मला ओरडावेसे वाटले, पण मला तोंड कुठे आहे?

शर्यतीच्या दिवशी धरण भरले होते, दुपारी पाणी सुटणार होते. तेच आकडे आम्हा दोघांना दिले. मी झटक्यात उत्तर दिले.

"पूर्वा, तुझा पायथॉन चहाला गेलाय का?" सर म्हणाले.

कार्यालय झाडणाऱ्या सरुबाई नदीकाठी राहतात. त्या दारात थबकल्या. "साहेब, पाणी आमच्या घरात येईल का वो? सासू अंथरुणाला खिळलेली हाय."

सरांनी माझ्या उत्तराकडे पाहिले. "नाही येत. निर्धास्त राहा."

माझ्या जिवाचे पाणी पाणी झाले. तेवढ्यात पायथॉनचे उत्तर आले.

"सर, वेळेचं राहू द्या. उत्तरंच जुळत नाहीयेत," पूर्वा म्हणाली. "माझ्या उत्तरात पाणी सरुबाईंच्या उंबऱ्याच्या वर जातंय."

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्यातल्या त्या ओळी पुन्हा सुरू केल्या. मी रखडत पुन्हा गणित सोडवले. पाणी घरात शिरणार होते.

"सरुबाई, चला, मी गाडी काढतो. आधी सासूबाईंना हलवू," म्हणत सर धावले.

म्हातारी वाचली. पहिले उत्तर चुकले म्हणून शर्यत मी हरलो, त्याचे दुःख नाही. पण काल कोणीतरी पूर्वाला विचारत होते, "या तपासणीच्या ओळी काढल्या तर अजून फास्ट होईल ना?" तेव्हापासून मला चैन नाही.

मित्रांनो, मला खुशाल काढा. पण त्या ओळींना हात लावायचा असेल, तर सरुबाईंच्या सासूला कुठे ठेवणार, ते आधी ठरवा.