खुंटावरचं पाणी

चतुराबाईनं दोरीचं एक टोक पंचशीलाच्या हातात दिलं आणि दुसरं धरून ती खड्ड्याला वळसा घालून पलीकडच्या काठावर गेली. दोघींनी दोरी काठावरच्या वाळक्या गवताला टेकवून ताणली. खड्ड्याच्या मधोमध, न खोदता राखलेला मातीचा खुंट उभा होता. दोरी त्याच्या माथ्याला लागायला हवी होती. ती वरूनच गेली. चतुराबाई आपलं टोक दगडाखाली दाबून खाली उतरली आणि खुंटाचा माथा नि दोरी यांच्यामध्ये तिनं हात आडवा धरला. चार बोटं बसली, वर आणखी दोन.

"माय, खुंट खाली बसला का काय?" पंचशीला काठावरून म्हणाली.

"खुंट बसत नसतो. बसवतंय कुणीतरी."

हे बोलताना चतुराबाई खुंटाकडं नाही, पोरीच्या तोंडाकडं बघत होती. पंचशीला शेजारची पोर, सातवी शिकलेली. मुकादमाच्या छपरीत बसून हजेरी लिहायची ती. दोरीचं टोक चतुराबाईनं मुद्दाम तिच्याच हातात दिलं होतं. पण पोरीच्या तोंडावर नुसतं नवल होतं. चतुराबाईनं दोरी गुंडाळली आणि कनवटीला खोचली.

चाकूरच्या अलीकडं, काळ्या रानात, दुष्काळी कामावर पाझर तलाव चालला होता. खड्ड्यातली माती खणायची, पाटीनं बांधावर नेऊन टाकायची. मजुरी मिळायची ती मापावर. किती खोल खणलं ते कळावं म्हणून प्रत्येक खड्ड्यात मूळ जमिनीच्या उंचीचा एक खुंट राखायचा, डोक्यावरच्या गवतासकट. मोजणीचे साहेब बुडापासून माथ्यापर्यंत टेप लावत आणि आकडा घालत. बाईला आणि गड्याला दर एकच, असा कागदच आला होता. पंचशीलानं तो सगळ्यांना वाचून दाखवला होता.

कामावर टोळ्या दोन. एक जोडप्यांची, ती मुकादम गुरुपादप्पाच्या भावाची, शिवप्पाची. तिथं गडी खणायचा, बाई उचलायची, आणि पगाराला अंगठा गड्याचा. दुसरी टोळी आठ बायकांची. कुणाचा नवरा मेलेला, कुणाला नवऱ्यानं टाकलेलं. त्या स्वतःच खणायच्या, स्वतःच उचलायच्या आणि अंगठाही स्वतःचाच उठवायच्या. पहिले दोन आठवडे दोन्ही खड्ड्यांचं माप बरोबरीनं आलं. मग बायकांचं घटत गेलं. गेल्या मोजणीला गुरुपादप्पानं हळहळून सांगितलं होतं, आणखी एकदा कमी भरलं तर ही टोळी मोडावी लागेल; मग एकेकीनं जोडप्यांमागं पाट्या उचलाव्यात, शिवप्पा देईल ते घ्यावं.

चतुराबाईनं त्याच संध्याकाळी गडी गेल्यावर त्यांच्या खड्ड्यात उतरून बघितलं होतं. तिथली कड तिच्या छातीला लागत होती. स्वतःच्या खड्ड्यात उतरली, तीही छातीलाच लागली. तेव्हापासून तिला कुणाशी धड बोलवेना. भाकरी खाताना ती एकेकीच्या हाताकडं बघायची. शिवप्पा हसला तर का हसला, गुरुपादप्पानं 'मावशी, दमलात का' विचारलं तर का विचारलं, याचा दिवसभर कीस काढायची.

दोरी लावली त्याच्या दुसऱ्या दिवशी दिस उगवायच्या आधी ती कामावर आली आणि बांधाआडच्या बाभळीमागं बसली.

आधी गुरुपादप्पा आला. कपाळाला भस्माचे ताजे पट्टे. त्यानं पाण्याच्या ड्रमाचं कुलूप काढलं आणि तांब्या भरला. ड्रमातलं पाणी माणशी दोन पेले, तेही तो स्वतः मोजून द्यायचा. भरला तांब्या घेऊन तो तसाच उभा राहिला. थोड्या वेळानं पायवाटेनं टोळीतली दानम्मा आली. त्यानं तांब्या तिच्या हातात दिला, खड्ड्याकडं वळून हात जोडले आणि छपरीकडं गेला.

दानम्मा खड्ड्यात उतरली. खुंटाच्या माथ्यावर तिनं धार धरली. मग पिंड चोळावी तसा तळव्यानं माथा चोळला आणि वर भस्माची तीन बोटं ओढली. खुंटावरचं भस्म चतुराबाईनं रोज बघितलं होतं, कुणाची तरी पूजा म्हणून सोडून दिलं होतं. ओली काळी माती ओघळून बुडाशी पडत होती. कालची वाळलेली खपली बोटांबरोबर निघून येत होती.

चतुराबाई बाभळीला धरून उठली. बुडाशी पडलेली ती माती रोज सकाळी पहिल्या पाटीत भरली जायची. कधी कधी ती पाटी तिनंच उचलली होती.

दानम्मा आणि ती बाहत्तर सालापासून बरोबर होत्या. खडी फोडायला एका दगडावर बसलेल्या. तिला काय विचारायचं, कसं विचारायचं, हे चतुराबाईला दुपारपर्यंत सुचेना. शेवटी भाकरी सोडताना तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं. दानम्मानं काही लपवलं नाही. मुकादम अप्पांनीच सांगितलं होतं. खुंट म्हणजे महादेवच, आठही जणींच्या नावानं पाणी घाल, पाऊस पडंल. या दिवसांत देवासाठी कोण तांब्याभर पाणी देतं, असं ती दोनदा म्हणाली. सांगताना तिचा चेहरा निवलेला होता.

"आन शिवप्पाच्या खड्ड्यात कोण घालतं पाणी?"

"तिकडचं त्यांचं त्ये बघतील की."

चतुराबाईनं तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला. गुरुपादप्पानं हात जोडले होते ते कुणी बघत नसताना. माणूस खरंच भाविक असेल. त्याच्याही ध्यानात आलं नसेल. की असेल? छपरीकडं बघितलं तर तो तिच्याकडंच बघत होता. तिनं मान खाली घातली.

मोजणीच्या दिवशी सकाळी तिनं दानम्माला पायवाटेवरच गाठलं आणि आज पाणी घालू नको एवढंच सांगितलं. कारण विचारलं तेव्हा म्हणाली, तुला माझ्या गळ्याची आण. भरलेला तांब्या ड्रमापाशी तसाच राहिला.

दहाच्या सुमाराला जीप आली. लातूर जिल्हा होऊन चारच वर्षं झालेली; साहेबही तसाच, कोवळा, बुटांना काळी माती लागली की थांबून झटकणारा. त्यानं बायकांच्या खुंटाला टेप लावला, आकडा सांगितला. पंचशीलानं लिहून घेतला आणि चतुराबाईकडं बघून मान हलवली.

"म्हणलं न्हवतं का साहेब," गुरुपादप्पा म्हणाला. "कष्टाला लई चांगल्या हायेत. पण खणणं बाईला झेपत न्हाई. मोडू दोन दिवसांत ही टोळी."

साहेबानं मान डोलावली आणि टेप गुंडाळत शिवप्पाच्या खड्ड्याकडं निघाला.

चतुराबाईनं ड्रमापाशी जाऊन तांब्या उचलला. साहेबाच्या पुढं होऊन ती शिवप्पाच्या खड्ड्यात उतरली. तिथल्या खुंटाच्या डोक्यावर वाळकं गवत अजून होतं तसं होतं. तिनं दोन्ही हातांनी तांब्या त्याच्यावर धरला, दानम्मा धरायची तसा.

"मावशी," गुरुपादप्पा काठावरून म्हणाला. "तिकडं नको."

"का? महादेवच हाय की अप्पा. पाणी घालते, पाऊस पडंल."

तांब्या कलला. पाणी काठाशी आलं.

"नको म्हणलं ना. माप व्हायचंय अजून. भिजला की माथा ढासळतोय त्याचा."

शिवप्पाच्या टोळीतलं कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. पंचशीलाची पेन्सिल कागदावर टेकलेली तशीच राहिली.

दानम्मा काठावर उभी होती. तिनं आधी अप्पाकडं बघितलं. मग आपल्या उजव्या तळव्याकडं. रेघांमध्ये काळी माती रुतलेली होती. ती लुगड्याला पुसू लागली, पुन्हा पुन्हा.

चतुराबाई तांब्या सावरून वर आली. एक थेंब सांडला नव्हता. तांब्या तिनं दानम्माच्या हातात दिला.

"पी. ऊन झालंय."

दानम्मानं तांब्या घेतला, पण तोंडाला लावला नाही.

साहेब बायकांच्या खड्ड्याकडं वळून बघत होता. तिथल्या खुंटाच्या माथ्यावर गवताची एक काडी नव्हती. भस्माचे पट्टे तेवढे उन्हात पांढरे दिसत होते. त्यानं टेप खिशात घातला.

"दोरी आहे का कुणाकडे? लांब?"

चतुराबाईचा हात आधीच कनवटीला गेला होता.