बुक्क्याची मुदत

मंगळवारी सकाळी दळण घेऊन येताना कुमुदताईंना बुक्क्या चावला. बुक्क्या त्यांचा लहानपणीचा कुत्रा. त्या चौथीत असताना नगरपालिकेची गाडी त्याला उचलून घेऊन गेली होती, आणि आता ताईंना टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली होती. पण कुत्रा तोच. नावासारखा काळाकुळकुळीत, डावा कान दुमडलेला. त्याने पोटरीला दात लावले, मग ओशाळून शेपूट हलवली आणि पिठाच्या डब्याशेजारी बसून राहिला.

जखमेतून रक्त आलं नाही. जुन्या घरातल्या चुलीचा वास आला.

सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरने वाकून तो वास घेतला. "साबण लावून नळाखाली धरा, चांगला पाव तास."

"वास जाईल?"

"जाईल. इंजेक्शनं मात्र सगळी घ्यायची. कुत्रा कुणाचा?"

"आमचाच."

"मग कोंडवाड्यात द्या. दहा दिवस नजरेखाली ठेवतात. नियमच आहे."

ताईंनी नळाखाली पाय धरला, पण साबण लावला नाही. इंजेक्शन घेऊन बाहेर आल्यावर त्यांनी धाकट्या भावाला, सुधाकरला, नागपूरला फोन लावला.

"सुधा, बुक्क्या चावला रे मला."

"जोरात?"

"नाही. ओळखीचं चावला."

"मग आबांना कळव," सुधाकर म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. वडिलांना जाऊन बावीस वर्षं झाली होती, आणि अग्नी सुधाकरनेच दिला होता.

कोंडवाडा जुन्या बाजारामागे होता; ताई बुक्क्याला घेऊन तिथे गेल्या. फाटकावर तेव्हाचा रखवालदार बंडगरच होता, तीच खाकी टोपी, ओठांत तीच विझलेली विडी. त्याने बुक्क्याला आत घेतलं आणि गजांचं दार लावलं. लहानपणी आबांनी कुमुदला इथल्याच बाकावर बसवलं होतं. "तू थांब, मी साहेबांना भेटून येतो," म्हणाले होते. परत आले ते मान खाली घालून. "उद्या आणू हं त्याला." त्यानंतर कितीतरी दिवस उजाडले, पण तो उद्या काही आला नाही.

"मुदत संपायची आहे अजून त्याची," बंडगर म्हणाला.

"पन्नास वर्षं होऊन गेली, बंडगर."

"मधे सुट्ट्या होत्या."

"मग द्या की मला."

"ज्याला चावला त्याच्या ताब्यात देत नाहीत. मालकाला देतो. मालक आबा ना तुमचे?"

"आबा वारले."

"ते त्यांनी येऊन सांगायला पाहिजे."

"आणि मुदतीत कुणी आलंच नाही तर?"

"मग शिवेबाहेर."

शिवेबाहेर नेलेल्या जनावरांचं पुढे काय होतं, हे तेव्हा तिला कुणी सांगितलं नव्हतं. आताही तिने विचारलं नाही. ती बाकावर बसली. आत सगळ्या पेठेची हरवलेली जनावरं होती. कासारांची आंधळी शेळी होती. पोस्टमास्तरांचा पोपट त्यांच्या बायकोच्या आवाजात "अहो, दूध उतू गेलं" म्हणत होता. बुक्क्या गजांतून नाक काढून तिची बोटं चाटत होता. इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

दुपारी भूक लागली म्हणून ती घरी जायला निघाली. फाटकातून बाहेर पडली, तर समोर कोंडवाड्याचंच फाटक होतं. त्यातूनही ती बाहेर पडली. तिसऱ्या फाटकावर बंडगरने तिच्याकडे पाहिलं आणि बाक दाखवला. बाक आता गजांच्या अगदी जवळ आला होता.

ऊन कलताना आबा आले. सायकलवरून, पँटला चिमटे लावून, हातात सुताची दोरी. तिशी नुकती ओलांडलेली असावी. कुमुद उठून उभी राहिली.

"आबा."

"बाई, जरा बाजूला होता का?" आबा अदबीने म्हणाले. बंडगरने दार उघडलं. बुक्क्याने त्यांच्या अंगावर उड्या मारल्या, आबांनी त्याच्या गळ्यात दोरी बांधली. मग ते बाकाकडे वळले आणि थबकले.

"इथं माझी मुलगी बसवली होती. चौथीतली."

"बाकावर होतं ते हेच," बंडगर म्हणाला.

आबांनी कुमुदकडे नीट पाहिलं. पिकलेले केस, चष्मा, पायावरची पट्टी. त्यांनी मान हलवली. "नाही हो. ही नव्हे."

"मालकाला ओळख पटत नसेल तर आत," बंडगर तिला म्हणाला. आवाजात राग नव्हता. कुमुद वाकून आत गेली. बुक्क्या बसला होता तिथली फरशी अजून ऊबदार होती. दार लागलं.

"नावानं हाक मारून बघा," बंडगरने आबांना सुचवलं. "ओ दिली तर तुमची."

बुक्क्या दोरी ताणून गजांकडे ओढ घेऊ लागला. आबा उकिडवे बसले, चष्म्याआडच्या तिच्या डोळ्यांत बघत राहिले, आणि ओठ हलवत मुलीचं नाव आठवू लागले.